संसदेतलं पक्षीय वैर आणि लोकांचा विश्वास: पत्रकार कक्षातून दिसलेलं

राज्यशास्त्र शिकणाऱ्या एका विद्यार्थिनीनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: संसदेत सत्ताधारी आणि विरोधक एकमेकांना शत्रू मानायला लागलेत का, हे आधीपासून असंच होतं का, आणि त्यामुळे लोकांचा संसदेवरचा विश्वास खरंच उडतो का?

मी दिल्लीत राहून मराठी वाचकांसाठी बरीच वर्षं संसदेचं वार्तांकन केलं. त्या आधारावर माझं उत्तर हे की वैर जुनंच आहे. ते पचवायच्या जागा मात्र गेल्या काही वर्षांत एकेक करून निकामी झाल्या. टीव्हीवर दिसणाऱ्या आरडाओरड्यापेक्षा विश्वासाचं जास्त नुकसान त्यामुळे झालं आहे.

आधी 'पूर्वी किती छान होतं' या समजुतीबद्दल. लोकसभेचे पहिले अध्यक्ष ग. वा. मावळंकर यांना हटवण्याचा ठराव डिसेंबर १९५४ मध्येच सभागृहात आला होता. नेहरू सरकारविरुद्ध पहिला अविश्वास ठराव आचार्य कृपलानींनी ऑगस्ट १९६३ मध्ये आणला. चीन युद्धाच्या पराभवाची जखम ताजी होती आणि भाषणं जिव्हारी लागणारी होती. पोटनिवडणूक जिंकून नुकतेच आलेले राममनोहर लोहिया त्या सुमारास म्हणाले की या देशातला गरीब माणूस दिवसाला तीन आण्यांवर जगतो. सरकारचा आकडा होता पंधरा आणे. ठराव ६२ विरुद्ध ३४७ मतांनी पडला, पण तीन आणे की पंधरा आणे हा वाद सभागृहात आकडेवारीनिशी लढला गेला आणि चहाच्या टपरीपर्यंत पोचला. कटुता काही कमी नव्हती. पण त्या कटुतेतून नागरिकाच्या हाती एक आकडा लागला आणि तो खरा की खोटा यावर त्याला स्वतः विचार करता आला.

शांत सभागृह म्हणजे निरोगी सभागृह, असंही समजू नका. आपल्या संसदेचा सगळ्यात शिस्तबद्ध काळ कोणता, तर आणीबाणीचा. विरोधी पक्षांचे कितीतरी खासदार तुरुंगात, प्रश्नोत्तराचा तास बंद, वृत्तपत्रांवर सेन्सॉर, आणि घटनादुरुस्त्या सरळ मंजूर होत होत्या. लोकसभेची मुदत वाढवली गेली तेव्हा मधु लिमयांनी तुरुंगातून राजीनामा दिला. लोकांनी मुदत पाच वर्षांसाठी दिली होती, त्यापुढे एक दिवसही बसणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. त्या शांततेवर लोकांचा किती विश्वास होता ते १९७७ च्या मतपेटीनं सांगितलं.

आता दोन मतदानं शेजारी ठेवून पाहू. विश्वास कशानं टिकतो हे मला त्यातून सगळ्यात स्पष्ट दिसतं.

पहिलं १७ एप्रिल १९९९ चं. वाजपेयी सरकारचा विश्वासदर्शक ठराव २६९ विरुद्ध २७० असा एका मतानं पडला. गिरिधर गमांग तेव्हा ओडिशाचे मुख्यमंत्री झाले होते, पण खासदारकी सोडलेली नव्हती. त्यांनी मत द्यावं की नाही हे अध्यक्ष बालयोगींनी त्यांच्या सद्सद्विवेकावर सोडलं आणि त्यांनी मत दिलं. ते योग्य होतं का यावर आजही वाद घालणारे भेटतात. पण मोजणी खोटी होती असं त्या दिवशी कोणी म्हटलं नाही. पंतप्रधान उठले आणि राष्ट्रपती भवनाकडे गेले.

दुसरं २० सप्टेंबर २०२० चं, राज्यसभेतलं. तीन कृषी कायद्यांचे वटहुकूम जूनमध्ये निघाले होते आणि आता त्यांच्या जागी विधेयकं आली होती. सरकारमध्ये असलेल्या अकाली दलाच्या हरसिमरत कौर बादल यांनी तीनच दिवस आधी राजीनामा दिला होता, म्हणजे खुद्द आघाडीतच सगळे राजी नव्हते. विधेयकं छाननीसाठी प्रवर समितीकडे, म्हणजे सदस्यांच्या खास समितीकडे पाठवा ही मागणी फेटाळली गेली. कोरोनामुळे सदस्यांना दोन्ही सभागृहांत आणि प्रेक्षक सज्जांत विखरून बसवलं होतं. विरोधकांनी मतविभाजन, म्हणजे मतांची प्रत्यक्ष मोजणी मागितली, पण उपसभापती हरिवंश यांनी दोन विधेयकं आवाजी मतदानानं मंजूर केली. मतविभाजन मागणाऱ्यानं आपल्या जागेवरून मागायचं असतं आणि सदस्य हौद्यात, म्हणजे आसनासमोरच्या मोकळ्या जागेत होते, ही पीठाची म्हणजे उपसभापतींची बाजू. आम्ही जागेवरूनच मागत होतो, ही काही सदस्यांची बाजू. नियमपुस्तिका फाडली गेली, माइक ओढले गेले, दुसऱ्या दिवशी आठ सदस्य निलंबित झाले. ते रात्रभर गांधी पुतळ्यापाशी बसून राहिले. सकाळी हरिवंश स्वतः चहा घेऊन गेले, पण तो कोणी घेतला नाही.

सरकारकडे त्या दिवशी बहुमत होतं का? बहुधा होतं. पण 'बहुधा' या शब्दावरच मी बोट ठेवतोय. मतविभाजन झालं असतं तर एक आकडा नोंदीवर आला असता आणि हरणाऱ्यालाही तो मान्य करावा लागला असता. तो आकडा कुठेच नाही. पुढे नोव्हेंबरच्या अखेरीस पंजाब-हरियाणाचे शेतकरी दिल्लीच्या सीमांवर येऊन बसले आणि वर्षभर हलले नाहीत. संसदेनं केलेला कायदा रस्त्यावर कसा बदलायचा, असा प्रश्न तेव्हा सरकारच्या बाजूनं विचारला जायचा आणि तत्त्वतः तो चुकीचा नव्हता. समोरून उत्तर यायचं की संसदेनं तो नीट केलाच कुठे? २९ नोव्हेंबर २०२१ ला कायदे मागे घेतले गेले, तेही दोन्ही सभागृहांत चर्चेविना, काही मिनिटांत. कायदे आणताना चर्चा टाळल्याची तक्रार होती, आणि मागे घेताना चर्चा मागणाऱ्यांनाही ती मिळाली नाही. त्याच दिवशी आधीच्या अधिवेशनातल्या वर्तनासाठी राज्यसभेचे बारा सदस्य निलंबित झाले.

अभ्यासक्रमात ध्रुवीकरण शिकताना तुम्हाला अमेरिकेची उदाहरणं भेटतील. तिथे ते मोजता येतं, कारण काँग्रेसमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, महत्त्वाच्या विधेयकांवर सदस्याचं मत नावानिशी नोंदलं जातं आणि तो पक्षाविरुद्ध मत देऊ शकतो. २०१० च्या आरोग्यविमा कायद्याला एकाही रिपब्लिकन सदस्याचं मत मिळालं नाही आणि २०१७ च्या करकपातीला एकाही डेमोक्रॅटचं, हे तिथे लक्षणीय मानलं जातं, कारण पूर्वी असं क्वचितच व्हायचं. सरकार योग्य तेच करील असं मानणारे अमेरिकन १९५८ मध्ये चारांत तीन होते. आता ते पाचांत एकाच्या आसपास आले आहेत.

हीच मोजपट्टी आपल्याकडे लावली तर हाती काही लागणार नाही. १९८५ च्या बावन्नाव्या घटनादुरुस्तीनं पक्षांतरबंदी आणली, आणि तेव्हापासून व्हिपविरुद्ध, म्हणजे पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत देणारा खासदार खासदारकी गमावू शकतो. त्यात बहुतेक विधेयकं आवाजी मतदानानं जातात. म्हणजे कोणाचं मत काय हे नोंदलं जात नाही, आणि नोंदलं तरी ते पक्षाचंच असणार. पक्षांतरबंदी फक्त सरकारच्या अस्तित्वाशी निगडित मतदानापुरती ठेवा, असं दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं. कोणत्याच पक्षानं ते मनावर घेतलं नाही. आपल्या मतदारसंघाला नको असलेल्या विधेयकावर खासदार खाजगीत हळहळतो आणि सभागृहात बाक वाजवतो, हे दिल्लीत मी सगळ्याच पक्षांत पाहिलं. अशा रचनेत दोन बाजूंमधला पूल बनू शकणारा माणूसच उरत नाही.

पूल उरला होता तो समित्यांमध्ये. विभागवार स्थायी समित्या १९९३ मध्ये सुरू झाल्या, तेव्हा लोकसभेच्या अध्यक्षपदी लातूरचे शिवराज पाटील होते.  या समित्यांमध्ये लोकसभेचे २१ आणि राज्यसभेचे १० सदस्य असतात, दारं बंद असतात, कॅमेरे नसतात आणि व्हिप चालत नाही. कॅमेरा नसला की माणूस मत बदलू शकतो. सचिवाला फैलावर घेणारा सत्ताधारी खासदार मी ऐकलाय तो समितीच्याच बैठकीबद्दल, सभागृहात तसं बघायला मिळालं नाही. संसदेच्या कामकाजाचा अभ्यास करणाऱ्या पीआरएस या संस्थेच्या नोंदींनुसार पंधराव्या लोकसभेत (२००९-१४) ७१ टक्के विधेयकं समित्यांकडे गेली, तर सतराव्या लोकसभेत (२०१९-२४) फक्त १६ टक्के. हीच सतरावी लोकसभा पाच वर्षांत २७४ दिवस बसली. पूर्ण मुदत भरलेल्या लोकसभांमध्ये एवढे कमी दिवस कोणीच बसलेलं नाही. पहिली लोकसभा ६७७ दिवस बसली होती.

तरी समितीकडे पाठवलं की सगळं ठीक होतं, असंही आता म्हणता येत नाही. वक्फ दुरुस्ती विधेयक ऑगस्ट २०२४ मध्ये दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीकडे गेलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण समितीतही दोन तट जसेच्या तसे बसले. जानेवारीत दहा विरोधी सदस्य एका दिवसापुरते निलंबित झाले, आणि शेवटी सत्ताधारी आघाडीच्या चौदा दुरुस्त्या मंजूर झाल्या, विरोधकांची एकही नाही. विरोधकांच्या एवढ्या सूचनांत एकही घेण्याजोगी निघू नये, हे मला पटत नाही. मात्र सभागृहात त्यावर दीर्घ चर्चा झाली, मध्यरात्रीनंतर मतविभाजन झालं आणि लोकसभेत २८८ विरुद्ध २३२ हा आकडा नोंदला गेला. त्या कायद्यावरचा वाद न्यायालयात गेला, पण लोकसभेतल्या त्या मोजणीवर कोणी शंका घेतली नाही. कृषी कायद्यांशी तुलना केली तर हा फरक लहान नाही.

आता गोंधळाबद्दल, कारण लोकांना तोच दिसतो. त्याचा फायदा कोणाला? पहिल्या धक्क्यात बळी जातो तो लोकसभेत अकराला सुरू होणारा प्रश्नोत्तराचा तास. रोज वीस तारांकित, म्हणजे मंत्र्यानं तोंडी उत्तर द्यायचे प्रश्न यादीत असतात, चांगल्या दिवशीही त्यातले पाच-सहाच तोंडी उत्तरापर्यंत पोचतात. पण त्या पाच-सहांत उपप्रश्न विचारता येतो आणि तयारी नसलेला मंत्री उघडा पडतो. विरोधकांचं हे सगळ्यात धारदार हत्यार, आणि घोषणा देऊन ते स्वतःच ते म्यान करतात. सरकारचं काम मात्र अडत नाही. त्याच गोंधळात मंत्री कागद पटलावर ठेवतात आणि विधेयकंही मंजूर होतात. ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचं विधेयक ज्या दिवशी मांडलं त्याच दिवशी गदारोळात लोकसभेनं मंजूर केलं, आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेनं. लाखो तरुणांच्या खिशाशी आणि शेकडो कंपन्यांशी संबंधित कायदा, पण त्यावर कोण काय बोललं हे शोधायला गेलात तर फारसं काही हाती लागत नाही.

विरोधक असं का करतात? कारण कार्यक्रमपत्रिका त्यांच्या हातात नाही. ब्रिटनच्या कॉमन्स या कनिष्ठ सभागृहात एका सत्रात वीस दिवस विरोधकांनी ठरवलेल्या विषयांसाठी राखीव असतात. आपल्याकडे असा एकही दिवस नाही. अधिवेशन कधी बोलवायचं हेही सरकारच ठरवतं. दोन अधिवेशनांत सहा महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, एवढीच घटनेची अट. बोलायला वेळ मिळणारच नसेल तर कामकाज बंद पाडणं हाच मार्ग उरतो, असा त्यांचा हिशेब असतो. भाजप विरोधात असताना २-जी प्रकरणावर २०१० चं अख्खं हिवाळी अधिवेशन पाण्यात गेलं, २०१२ मध्ये कोळसा खाणवाटपावरून तेच झालं, आणि कामकाज रोखणं हाही लोकशाहीचाच प्रकार असल्याचं समर्थन तेव्हा सुषमा स्वराज यांनी केलं होतं. आज तोच युक्तिवाद काँग्रेसच्या तोंडी आहे. मार्च २०२३ मध्ये तर सत्ताधारी बाकांनीच राहुल गांधींच्या माफीसाठी कामकाज चालू दिलं नाही, समोरचे अदाणी प्रकरणी संयुक्त समिती मागत होते, आणि अर्थसंकल्पातल्या कोट्यवधींच्या मागण्या चर्चेविना मंजूर झाल्या. कोण कोणाला अडवत होतं ते गॅलरीत बसूनही सांगता येत नव्हतं.

ध्रुवीकरणाच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी निसटते. २०१८ च्या वित्त विधेयकात एक दुरुस्ती होती. परदेशी देणग्यांच्या कायद्यातली 'परदेशी स्रोत' ही व्याख्या १९७६ पासून पूर्वलक्षी प्रभावानं बदलली गेली. राजकीय पक्षांना आधी मिळालेल्या देणग्या त्यामुळे चौकशीतून सुटत होत्या. दिल्ली उच्च न्यायालयानं २०१४ मध्ये भाजप आणि काँग्रेस या दोघांनाही त्याबाबत दोषी धरलं होतं. त्या अधिवेशनात रोज गोंधळ चालला होता, पंतप्रधानांनी पुढे त्या गोंधळाच्या निषेधात उपवासही केला. ही दुरुस्ती त्याच गोंधळात, चर्चेशिवाय पार पडली, आणि तिच्यासाठी कोणी हौद्यात उतरलं नाही. तेरी भी चूप, मेरी भी चूप. लोक एवढे भोळे नाहीत, त्यांना हे कळतं. 'सगळे आतून एकच' हे वाक्य गावागावांत ऐकू येतं त्यामागे अशी उदाहरणं असतात.

पीठासीन अधिकाऱ्याचा, म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्ष-सभापतींचा मुद्दा स्वतंत्र लेखाचा आहे, इथे धावता उल्लेख करतो. १९६७ मध्ये लोकसभेचे अध्यक्ष झाल्यावर नीलम संजीव रेड्डींनी पक्षाचा राजीनामा दिला, पण ती प्रथा काही रुजली नाही. डिसेंबर २०२३ मध्ये संसदेतल्या सुरक्षाभंगावर गृहमंत्र्यांचं निवेदन मागणारे दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ खासदार निलंबित झाले, आणि फौजदारी कायद्यांची तीन नवी विधेयकं जवळजवळ विरोधकांविना मंजूर झाली. यापूर्वीचं मोठं निलंबन मार्च १९८९ चं, ६३ खासदारांचं, तेव्हा सरकार राजीव गांधींचं होतं. महाराष्ट्राच्या वाचकाला अध्यक्षपदाविषयी वेगळं काही सांगायची गरज नाही. जून २०२२ च्या शिवसेना फुटीतल्या अपात्रतेच्या याचिका निकाली निघाल्या जानेवारी २०२४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयानं बजावल्यानंतर, आणि दोन्हीकडचा एकही आमदार अपात्र ठरला नाही. हे काम अध्यक्षांकडून काढून स्वतंत्र लवादाकडे द्यायचा विचार संसदेनं करावा, असं याच न्यायालयानं २०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात सुचवलं होतं. ज्याच्या निकालावर पक्षाचं सरकार अवलंबून आहे त्यानंच निकाल द्यायचा, ही रचना माणूस कितीही सरळ असला तरी संशय निर्माण करणारच.

जाता जाता जुन्या इमारतीतल्या सेंट्रल हॉलची आठवण काढतो. तिथे सगळ्या पक्षांचे खासदार आणि जुने पत्रकार टोस्ट-कॉफीवर तासन्‌तास बसायचे. सकाळी एकमेकांवर तुटून पडलेले दोघे दुपारी एका सोफ्यावर दिसायचे आणि उद्याचा तंटा कसा सोडवायचा ते तिथेच ठरायचं. कोरोनात पत्रकारांचा वावर आवळला गेला. सप्टेंबर २०२३ पासून कामकाज नव्या इमारतीत चालतं आणि तिथे तसं दालन नाही. गप्पांच्या खोलीनं देश चालत नाही हे खरं, पण ज्याच्याशी दुपारी कॉफी प्यायची आहे त्याला सकाळी देशद्रोही म्हणताना जीभ थोडी अडखळते.

मग विश्वास उडालाय का? जनमत पाहण्यांमध्ये लष्कर आणि न्यायालयं वरच्या पायरीवर, राजकीय पक्ष आणि पोलीस तळाशी, आणि संसद मधे कुठेतरी, हे चित्र आपल्याकडे वर्षानुवर्षं दिसतं. मतदान फारसं घटलेलं नाही. २०१९ मध्ये ६७ टक्क्यांवर लोकांनी मत दिलं, २०२४ मध्ये जवळपास ६६ टक्के. म्हणजे निवडणुकीवर भरवसा आहे. माझं निरीक्षण असं की विश्वास नाहीसा झाला नाही, तो पक्षाला चिकटला. आपला पक्ष सत्तेत असेल तर संसद छान चालली आहे, नसेल तर संसद संपली. २०१२ मध्ये मला फोन करून 'विरोधक देशाचा वेळ फुकट घालवतायत' म्हणणारे वाचक आज निलंबनावर चिडतात, आणि तेव्हा गोंधळाचं समर्थन करणारे आज खासदारांच्या भत्त्यांचा हिशेब मांडतात. संस्थेवरचा विश्वास म्हणजे आपण हरलो तरी निकाल मान्य करणं, आणि घटला आहे तो नेमका हा. म्हणून प्रत्येक मोठा कायदा मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी न्यायालयात किंवा रस्त्यावर जातो.

हे अटळ आहे असं मात्र मी मानत नाही. जीएसटीची घटनादुरुस्ती कित्येक वर्षं अडली होती, आधी भाजपच्या राज्यांनी अडवली आणि मग काँग्रेसनं. पण समितीत घासाघीस झाली, राज्यांच्या नुकसानभरपाईचा प्रश्न सुटला आणि ऑगस्ट २०१६ मध्ये राज्यसभेत विरोधात एकही मत पडलं नाही. सप्टेंबर २०२३ च्या महिला आरक्षणाला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतं पडली. तेच पक्ष आणि तेच नेते.

तुम्ही प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर एक सुचवतो. भाषणांच्या क्लिप बाजूला ठेवा आणि एका लोकसभेतली पंचवीस-तीस महत्त्वाची विधेयकं घ्या. प्रत्येक समितीकडे गेलं का, तिथे किती बैठका झाल्या, असहमतीच्या टिपणीत काय होतं आणि त्यातलं अंतिम कायद्यात काही उतरलं का, मंजुरी आवाजी मतदानानं झाली की मतविभाजनानं, हे टिपून ठेवा. मग त्यातले कोणते कायदे दोन वर्षांत न्यायालयात अडकले किंवा मागे घ्यावे लागले ते पाहा. समित्यांचे अहवाल आणि सभागृहाची शब्दशः नोंद संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही मोफत मिळते. सोबत लोकसभेच्या उपाध्यक्षपदाचाही एक रकाना ठेवा. घटनेच्या ९३ व्या कलमानुसार ते शक्य तितक्या लवकर भरायचं असतं आणि विरोधकांना द्यायचा प्रघात आहे. सतराव्या लोकसभेची पाचही वर्षं ते रिकामं होतं, आणि २०२४ च्या निवडणुकीला वर्ष उलटलं तरी भरलेलं नव्हतं.